जोडीला दुसरं माणूस

हॅलो?… हो, साखराच बोलायले. हां अक्का, बोला की… घरात रेंज न्हाई, थांबा, दारात येते… हां, आता बोला.

आत्या व्हय, तुमच्या आई? हायत की, निजल्यात… खाल्लं, दुधात भाकर कुस्करून दिली. अर्धी सांडली… हो, हो, अंघोळ बी घातली. टँकर आलता परवा.

कोण म्हणलं?… भिवराबाई? पत्ते खेळायला?… अवो अक्का, ऐका तर. चारा-छावणीत आपल्या गाया हायत, तुमचे भाऊ तिथंच मुक्कामाला. त्यांची भाकर घेऊन गेलते काल… न्हाई, आत्याला एकटं कसं सोडीन? शेजारच्या मंजुळाबाईला बसवून गेलते.

तसले पत्ते न्हाईत हो. चित्राचे. टॅरो म्हणतेत… टॅ-रो. तिथं छावणीत बीडहून एक ताई आलती. दूध सोसायटीनं बोलावली, घरात दुखणाईत माणूस सांभाळणाऱ्या बायांसाठी… न्हाई, पोपट न्हाई. आपला पत्ता आपणच उचलायचा. ती भविष्य सांगतच न्हाई. म्हणती, चित्र नीट बगा अन् तुमच्या जीवाचं काय चाललंय ते तुमीच सांगा.

मला? एक बाई अन् एक सिंह निघाला. बाईनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलंय… देवी न्हाई हो. भिवराबाई बी तेच म्हणली, देवी हाय, हात जोड. मी म्हणलं, देवी कशाची, ही बाई जनावराला औषध पाजायली… हसा. तिथं बी सगळ्या हसल्या.

मग मी म्हणलं, हिच्या जोडीला दुसरं माणूस कुठाय?… अवो, विसरलाव का? गाईला औषध कधी एकट्यानं पाजतेत व्हय? एकानं मुंडकं धरायचं, दुसऱ्यानं नळकांडं लावायचं. एकट्यानं केलं की औषध श्वासात जातं, न्हाई तर माणूस शिंगावर. परवा तुमच्या भावानं एकट्यानंच घाई केली, तर डॉक्टरनी सगळ्या छावणीदेखत झापलं त्यांना. अन् चित्रातली बाई एकलीच… हो, तिथंच रडू आलं मला. चारचौघीत. ते न्हाई सांगितलं व्हय भिवराबाईनं?

कावून रडले… काय सांगू.

अक्का, बसलाव का तुमी? बसा आधी.

आत्या गोळी घेत न्हाईत. दात आवळून धरतात… न्हाई, मला वळखत न्हाईत आता. ही चेटकीण इख द्यायली म्हणतेत. काल सकाळी बोट घातलं तर करकचून चावल्या. रगत आलं… माझं जाऊ द्या. माझा हात उठला, अक्का. गालावर… मीच. आत्याच्या गालावर.

खरंच, अक्का. खोटं कशाला बोलू?

द्या शिव्या. द्या की… मी कुठं न्हाई म्हणायले? तुमची माय हाय… हो… हो. लगीन झाल्यापासून त्यांच्यापुढं आवाज चढवला न्हवता मी… न्हाई, रडल्या न्हाईत. गालाला हात लावून नुसत्या बगत बसल्या माझ्याकडं. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

न्हाई, तुमच्या भावाला न्हाई सांगितलं. तुमालाच पयलं… कशाला म्हणजे? परत उठंल म्हणून. माझ्याच हाताचं भ्या वाटायलं मला. ती ताई म्हणली, सांभाळणाऱ्याला बी कुणी सांभाळावं लागतं, मागायला लाजू नका. म्हणून मागायले. आठ दिवस या. मी कुठं जात न्हाई, हितंच ऱ्हाते. नुसतं झोपू द्या मला.

…हो, तुमच्या मालकांचा डबा… पोरीचा क्लास, समजतंय की… सुट्टी लागल्यावर? अक्का, सुट्टीला लई दिवस हायत.

काय?… त्यांच्याशी बोलता? वळखतील का पण तुमाला… बरं, बरं, थांबा. जाग्याच हायत वाटतं. बाज दाराशीच हाय, हितं लागंल रेंज.

आत्या, ओ आत्या… दगडाक्काचा फोन हाय. तुमच्या लेकीचा. हे बगा, कानाला धरते. बोला… बोला की…

…हां अक्का. मीच. घेतला परत… रडू नका… हो, ऐकलं मी. बाजूलाच उभी होते की. तुमचा आवाज त्यांना माझा वाटला… 'साखरा, लवकर ये, ही बाई मला मारती'… हो. माझ्यापासनं वाचवायला मलाच बोलवायल्या, अक्का. मी कुठं तोंड लपवू?

काय म्हणलाव?… आज? दुपारच्या बसनं?… बरं… बरं. काय आणू नका. तुमी या फक्त.

ठेवते, अक्का. परत हाका मारायल्या…

आले, आत्या. हो, साखराच हाय. आले.