उंबरमाळावर मी स्वतः गेले होते

जबाब, दि. २३ जुलै

नाव सौ. सविता कैलास ठोंबरे, वय ४१ वर्षे, शिक्षण बी.ए., व्यवसाय नगरसेविका, राहणार तुंगार्ली, लोणावळा, ता. मावळ, जि. पुणे. माहेर इंदुरी.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता समक्ष हजर होऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी, पती कैलास, सासूबाई व मुलगी अपेक्षा असे एकत्र राहतो. पतींचा जेसीबी व पोकलेन मशीन भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे. आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाल्याने मागील निवडणुकीत मी उभी राहिले व निवडून आले. प्रभागाचे कामकाज पती पाहतात. लोक त्यांना साहेब म्हणतात व मला वहिनी म्हणतात. माझा मोबाईल दिवसा पतींचे कार्यकर्ते प्रदीप यांच्याकडे असतो, कारण त्यावर लोकांचे फोन येतात.

काल दि. २२ रोजी मी घरातून बेपत्ता झाल्याची खबर पतींनी या ठाण्यात दिली. सुरज निवृत्ती ओव्हाळ, रिक्षाचालक, राहणार उंबरमाळ वस्ती, यांनी मला फूस लावून पळवून नेले असा संशय त्यांनी सांगितला. त्यावरून सुरज यांना काल सायंकाळपासून चौकशीसाठी येथे बसवून ठेवले आहे. हे मला आज सकाळी कळले. त्याबाबत खरी हकीकत पुढीलप्रमाणे आहे.

काल सकाळी अकराच्या सुमारास प्रतीक्षा नावाची एक मुलगी आमच्या घरी मुलाखत घेण्यास आली. ती मोबाईलवर मावळच्या बातम्यांचे चॅनल चालवते. सहा महिन्यांचा कारभार, जनसेवा व चालू घडामोडी यांवर नगरसेविकांचे विचार, असा विषय होता. मी हिरवी साडी नेसून सोफ्यावर बसले. पती माझ्या शेजारी बसले.

चार दिवस संततधार होती व काल सकाळी पाऊस थांबून ढग खाली उतरले होते. हॉलची खिडकी उघडी होती. धुके आत आले व प्रतीक्षाने लावलेल्या दिव्याभोवती फिरू लागले. दिव्याचे एक मोठे पांढरे वर्तुळ झाले. मी त्याच्याकडे पाहत होते.

प्रतीक्षाने मला विचारले, "मॅडम, शनिवार-रविवारी पर्यटकांची एवढी गर्दी होते, त्याबद्दल तुमचं मत काय?" पतींनी उत्तर दिले. तिने पुढे विचारले, "डोंगरावर बंगले वाढतायत, त्याबद्दल?" त्यालाही पतींनी उत्तर दिले. विकास व निसर्ग यांचा समतोल साधू, असे ते म्हणाले. नंतर ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या दृष्टीनं जनसेवा म्हणजे काय?" पती म्हणाले, "सविताताईंचं आणि माझं यावर एकच मत आहे." त्यांचा आवाज लांबून, पाण्याच्या पलीकडून आल्यासारखा मला वाटत होता. मला झोप आलेली नव्हती. पण जागेपणीही असे होते, हे मला त्या वेळी समजले.

खिडकीतून फाटकाजवळ एक बाई उभी दिसली. तिने डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतला होता. धुक्यामुळे तिचे पाय दिसत नव्हते. त्या चिमाबाई ओव्हाळ, सुरज यांच्या आई होत्या. त्या यापूर्वीही येऊन गेल्या होत्या व प्रत्येक वेळी प्रदीप यांनी त्यांना सोमवारी या असे सांगितले होते. कालही सोमवार नव्हता.

मी उठले व बाहेर गेले. त्या वेळी मुलाखत चालू होती. मला कोणी थांबवले नाही. पती कॅमेऱ्याकडे पाहून बोलत होते. प्रतीक्षाने माझ्याकडे पाहिले.

चिमाबाई मला म्हणाल्या, "ताई, दार लागंना झालंय. चौकटच वाकडी झालीया. भितीला भेग पडलीया, तिच्यात माजा हात जातुया. साहेबास्नी सांगा एवढंच."

मी म्हटले, "चला, मी बघते."

त्या म्हणाल्या, "तुमी?"

मी व्हय म्हटले. इंदुरीला असताना मी व्हय म्हणत असे. बऱ्याच वर्षांत म्हटले नव्हते.

सुरज रिक्षा घेऊन वळणावर थांबले होते. आम्ही दोघी मागे बसलो. मी माझ्या इच्छेने बसले. रस्त्याने तलाव लागतो, तो दिसला नाही. बंगल्यांची फाटके, शोभेचे दिवे, पहारेकरी, काहीच दिसत नव्हते. रिक्षा ढगातून वर चालली होती व फक्त तिचा आवाज ऐकू येत होता. आपण कोठे जात आहोत हे मला माहीत होते, तरी कोठेच जात नसल्यासारखे वाटत होते. भीती वाटली का, असे मला येथे विचारण्यात आले. भीती वाटली नाही. बरे वाटले.

उंबरमाळ ही तुंगार्लीच्या वरच्या अंगाला डोंगराच्या उतारावर असलेली लहान वस्ती आहे. वस्तीच्या खाली रस्त्यालगत, दुसऱ्या बाजूच्या कातळावर बुद्धविहार आहे. मी चिमाबाईंच्या घरात गेले. दार लागत नव्हते. भिंतीतल्या भेगेतून पलीकडचे धुके दिसत होते. घरामागे उतारावर जमिनीलाही तशीच भेग होती व ती झाडांच्या मुळांखालून पुढे गेली होती. एका झाडाखाली उभी राहिले असता पायाखालून पाणी वाहत असल्याचा आवाज आला, पण वर पाणी नव्हते.

मी चिमाबाईंच्या फोनवरून माझ्याच नंबरवर फोन लावला, कारण मला पाठ असलेला तो एकच नंबर आहे. प्रदीप यांनी उचलला. मी म्हटले, "उंबरमाळावरून बोलतेय. इथली जमीन फाटलीय, लोकांना लगेच हलवायला पाहिजे." प्रदीप म्हणाले, "वहिनी आत्ता बिझी आहेत. सोमवारी फोन करा." व फोन ठेवला. त्यांनी माझा आवाज ओळखला नाही. मी पुन्हा फोन लावला नाही. माझे नाव सांगितले असते तर पुढचा प्रकार घडला नसता, हे मला मान्य आहे.

त्यानंतर मी लोकांना घरे सोडून विहारात चला असे सांगितले. कोणी तयार होईना. चिमाबाईंचे पती निवृत्ती ओव्हाळ, ज्यांना सर्व जण आबा म्हणतात, ते ओट्यावर बसून होते. ते म्हणाले, "मागं एकदा असंच पावसाचं शाळंत निऊन ठिवलं. परत आलो तर खालच्या परड्याला तारंचं कुंपण. आता न्हाई हलायचं."

मी त्यांना म्हटले, "आबा, मग मीही हलत नाही. शेवटचं माणूस निघालं की मी निघेन."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. धुके मधेच सरकले की समोरचा डोंगर दिसे व पुन्हा जाई. एक कोंबडी आली व माझ्या साडीच्या निऱ्यांत बसली. मग आबांनी विचारले, "ताई, साहेबांचं म्हणणं आमाला ठावं हाय. तुमचं काय म्हणणं हाय?"

मी त्यांना जे बोलले ते मला पूर्ण आठवत नाही. आठवते तेवढे सांगते. मी म्हणाले की, शनिवारी गाड्यांच्या रांगेत अँब्युलन्स अडकते तेव्हा आपल्या गावाला गाव म्हणावे की रस्ता, ते मला कळत नाही. लोक येतात ते हिरवा डोंगर पाहायला येतात व आपण त्यांच्यासाठी तोच डोंगर कापतो. निवडून आल्यावर माझा हार घातलेला फोटो चौकात लागला. त्या फोटोखालून मी भाजी आणायला जात असे व मला कोणी काही विचारत नसे. मला कोणी काम सांगितले तर ते करता येईल का, हे मलाच माहीत नाही, कारण अजून केलेले नाही. परंतु जमीन फाटलेली मी पाहिली आहे. ती पाहून मी घरी जाऊन जेवू शकत नाही. यापेक्षा मोठे मत माझ्याजवळ नाही.

थोड्या वेळाने आबा उठले, घरात गेले व भिंतीवरची तसबीर काढून धोतराच्या सोग्यात गुंडाळून बाहेर आले. चिमाबाईंना म्हणाले, "भांडी काढ."

आबा निघाले म्हणून बाकीचे निघाले. दुपारभर सामान उतरवण्याचे काम चालले. सुरज रिक्षातून म्हातारी माणसे, धान्य, गॅसची टाकी, असे नेत होते. परड्याच्या कुंपणाच्या तारा कोणीतरी तोडल्या व बाया तिथूनच जवळच्या वाटेने उतरल्या. सायंकाळी सुरज दूध व मेणबत्त्या आणण्यासाठी बाजारात गेले व परत आले नाहीत. रस्त्यावर झाड पडले असेल, सकाळी येईल, असे चिमाबाई म्हणाल्या. त्या वेळी सुरज येथे होते. आमच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात मी त्यांच्या रिक्षाकडे जाताना दिसते, असे मला सांगण्यात आले. मी त्या चित्रात ओढत नेल्यासारखी दिसते काय, हे आपण पुन्हा पाहावे.

रात्री मी विहारात चिमाबाईंच्या गोधडीत झोपले. इतकी गाढ झोप मला बऱ्याच दिवसांनी लागली.

आज सकाळी उजाडल्यावर मी विहाराच्या पायरीवर चहा घेत उभी होते. धुके वर गेले होते व वस्ती स्वच्छ दिसत होती. वारा नव्हता. घरांमागची झाडे खाली येऊ लागली. ती पडली नाहीत. उंबर, जांभूळ, हिरडा, सर्व उभ्याउभ्या, फांद्या न हलवता, एकमेकांच्या सोबतीने सावकाश खाली आली. पालखीपुढे माणसे चालतात तशी. चिमाबाईंचे घर त्यांच्या पुढे पुढे सरकले व मग दिसेनासे झाले. त्यालगतची घरेही दिसेनाशी झाली. आवाज मागून आला. माझ्या हातातला कप तसाच होता. एका बाईने आपल्या मुलांची नावे घेतली, मुले तिच्या जवळच उभी होती. सर्व माणसे मोजून पाहिली. सर्व होती. सुरज तेवढे नव्हते.

त्यानंतर अग्निशमन दलाची गाडी आली. त्यातील एका जवानाने मला ओळखले व म्हणाला, "वहिनी, तुम्ही इथं? तुम्हाला पळवलं म्हणून त्या रिक्षावाल्याला उचललंय." मी त्याच गाडीतून खाली आले व तडक येथे आले. घरी गेलेले नाही.

तरी मी सांगते की, मला कोणीही पळवले नाही, फूस लावली नाही, धमकावले नाही. मी सज्ञान आहे. सुरज निवृत्ती ओव्हाळ यांच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. त्यांनी काल दिवसभर लोकांना वाचवण्याचे काम केले. त्यांना लगेच घरी सोडावे, असे मी म्हणणार होते.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती मला कोणी विचारलेली नाही, तरी लिहून घ्यावी. मागील उन्हाळ्यात उंबरमाळच्या पायथ्याशी बंगल्यांचे प्लॉट पाडण्यासाठी डोंगराची कड कापण्यात आली. त्या कामावर आमचे मशीन होते. मशीनवर माझ्या मुलीचे नाव लिहिलेले आहे. मी ते तेथे चालताना पाहिले आहे. यावर जबाब लिहिणारे हवालदार थांबले व म्हणाले, "ताई, साहेब बाहेर बसलेत. एकदा त्यांच्याशी बोलून घेता का?" मी नाही म्हटले. त्यांनी ते वाक्य लिहिले.

उंबरमाळची माणसे सध्या विहारात आहेत. त्यांच्या जेवणाची व राहण्याची सोय करण्यासाठी मी येथून नगरपरिषदेच्या कार्यालयात जाणार आहे. मला शोधायचे झाल्यास तेथे किंवा विहारात शोधावे.

सुरज समोरच्या बाकावर बसले आहेत. त्यांनी मला आल्यावर विचारले, "ताई, आई कुटंय?" मी सांगितले की विहारात आहे, आबाही आहेत, चांगले आहेत. ते म्हणाले, "मग ठीक हाय. घरी जातो, अंघोळ करतो अन् येतो." घराबद्दल त्यांना अद्याप कोणी सांगितलेले नाही. या जबाबावर सही झाली की मी त्यांच्या शेजारी जाऊन बसणार आहे व ते मीच सांगणार आहे.

वरील मजकूर संगणकावर लिहून झाल्यावर मी स्वतः सावकाश वाचला. मी बोलले तसाच तो आहे, त्यात काही कमी केलेले नाही व मला काही कमी करायचे नाही.

समक्ष
(सही) सविता ठोंबरे