खालच्या कोपऱ्यात काहीही करू नये

आणि वर लोक मलाच विचारतात, "तुम्हाला काय हो, काहीच तर करायचं नव्हतं!" काहीच करायचं नव्हतं? अहो, तेच तर! तुम्हाला सांगतो, मी विहिरीत उतरून गाळ काढलाय, चिखलात रुतलेला ट्रॅक्टर एकट्याने फळ्या घालून बाहेर काढलाय, एकदा तर ताप अंगात असताना सबंध शेत नांगरलंय. त्याचं कुणाला काही नाही. पण काहीही न करणं? ते करून बघा एकदा! आठ दिवस करून बघा, मग माझ्याशी बोला. काही न करणं सोपं नसतं हो!

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

आमच्या शेताच्या खाली ओढा आहे. दिसायला गरीब, एका उडीत पार होईल एवढा. पण पूर आला की असं काही अंगात येतं त्याच्या, की एखाद्या वर्षी आमच्या काठाचा दोन-दोन पावलं घास घेऊन जातो. आणि काठापासून विहीर किती लांब? आठ पावलं. मी मोजलीत. रोज मोजतो. लहान पावलं टाकली तर दहा भरतात, पण स्वतःला फसवून काय मिळणार? विहीर गेली की शेत गेलं, आणि शेत गेलं की मी काय करणार, सांगा बघू? मला दुसरं काही येतच नाही.

तर अशा वेळी त्या प्रकल्पाच्या बाई आल्या. ओढ्याकाठच्या जमिनी, झाडं, पक्षी, हे सगळं राखायचं, आणि ज्यांची जमीन त्यांना मदत करायची, असं त्यांचं काम. गुडघ्यापर्यंत बूट, कानावर पेन्सिल, वय माझ्या पुतणीएवढं. आल्या, काठ बघितला, विहीर बघितली, आणि म्हणाल्या, "काका, आम्ही इथे दगडी बांध घालून देतो. जाळीत दगड भरून. पूर आला तरी हलणार नाही."

मी म्हटलं, आणि मी काय करायचं?

"तुमचा तो खालचा कोपरा आहे ना, ओढ्याला लागून? तो तीन वर्षं तसाच ठेवायचा."

"ठेवतो की! पाणी किती घालायचं?"

"पाणी नाही घालायचं."

"खत?"

"नाही, काका."

"मग तण तरी…"

"तण नाही काढायचं. कापायचं नाही, खुरपायचं नाही, जाळायचं नाही. काही नाही करायचं."

"बरं, मग निदान राखण तरी करतो!"

"कुणापासून?" असं त्या म्हणाल्या. आणि तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझी बायको, माझी सासू आणि त्या बाई, तिघी एकदम माझ्याकडे बघायला लागल्या!

आता यात माझा काय दोष? माझा स्वभावच तसा. माझ्या बांधावर गवताची काडी दिसायची नाही. लोक घर झाडतात, मी शेत झाडतो, असं शेजारी म्हणतो. म्हणू दे. पण मी सही केली. विहिरीकडे बघितलं आणि केली. वर्षाने पहिली पाहणी, त्यात कोपरा जसाच्या तसा सापडला तर लगेच बांधाचं काम सुरू, नाही सापडला तर आमचं नाव यादीतून बाहेर. इथपर्यंत ठीक. पण कागदाच्या शेवटी आणखी एक बारीक कलम होतं. कोपऱ्याची नोंदवही ठेवायची, दर आठवड्याला, घरातल्याच कुणीतरी, पण मालकाने स्वतः नाही.

आणि आमच्या घरात रिकामं कोण? सासूबाई! निवृत्त मुख्याध्यापिका. अहो, निवृत्त म्हणायचं आपलं, अजून जेवायच्या ताटाकडे अशा बघतात की वाटतं आता तांबड्या शाईने काहीतरी लिहिणार. त्यांनी त्याच दिवशी खिडकीपाशी खुर्ची ओढली, दुर्बीण मागवली, वहीला समास आखले आणि म्हणाल्या, "जावईबापू, आता तुम्ही आणि मी."

पहिल्या आठवड्याची नोंद ऐका, मला पाठ आहे. "जमीनमालक कोपऱ्याच्या कडेला उभे. हात मागे. प्रगती समाधानकारक."

तिसऱ्या आठवड्यात? "जमीनमालकांनी एक काटेरी रोप उपटले. विचारणा केली असता 'आपोआप हातात आलं' असे उत्तर मिळाले. समज दिली."

आणि सहाव्या आठवड्यात, ऐका हं, "जमीनमालक बुटाची नाडी बांधण्यासाठी कोपऱ्यात चार वेळा वाकले. बुटांना नाडी नाही."

आता बोला! त्या दुर्बिणीतून बुटाची नाडी दिसते? सत्तरी उलटलेल्या बाईला? मला जवळून दिसत नाही!

बरं, घरात हे, तर बाहेर तो शेजारी. रोज सकाळी बांधावर येऊन उभा. "काय हो, तब्येत बरी नाही का? नाही, कोपऱ्यात रान माजलंय म्हणून विचारलं." मी सांगितलं, हा प्रकल्प आहे, हे मुद्दाम आहे. तर हा मान हलवतो, दवाखान्यात पेशंटसमोर हलवतात तशी. दुसऱ्या दिवशी त्याची बायको माझ्या बायकोला विचारते, "वहिनी, घरात सगळं ठीक आहे ना?" तिसऱ्या दिवशी तो स्वतःचं गवत कापायचं यंत्र घेऊन दारात! "असू द्या, असू द्या, शेजारधर्म आहे. तुम्ही पडून राहा, मी उरकतो." पडून राहा? मला? त्याच्याच शेतात कमरेएवढं तण, आणि तो माझी कीव करतोय! मी त्या यंत्राकडे बघितलं. अहो, काय पातं होतं हो… नवं कोरं… पण नाही. हात मागे बांधले आणि म्हटलं, घेऊन जा ते माझ्या नजरेसमोरून. सांगतो काय, काही न करणं सोपं नसतं हो!

पण खोटं कशाला बोलू? हळूहळू तिथे काहीतरी व्हायला लागलं. गवत खांद्याला लागलं. फुलपाखरं आली, मग त्या फुलपाखरांच्या मागे पक्षी आले. एक ससा आला, तो माझ्याकडे अशा नजरेनं बघायचा की जणू मीच त्याच्या घरी न विचारता आलोय. मग ओढ्याच्या बाजूला, खड्यांच्या मोकळ्या जागेत, एका टिटवीने अंडी घातली. चार. घरटं वगैरे काही नाही, नुसती जमिनीवर! मी म्हटलं, ही माझ्या वरताण निघाली, हिने तर घरसुद्धा बांधलं नाही. मी सकाळचा चहा घेऊन कडेला उभा राहायला लागलो. सासूबाईंनी लिहिलं, "जमीनमालक अर्धा तास उभे. एकदाही वाकले नाहीत. हसले." आता हसण्याचीही नोंद!

आणि असं सगळं सुरळीत चाललेलं असताना पत्र आलं. सोमवारी सकाळी दहाला पाहणी.

झालं! पाहणी म्हणजे पाहुणे, आणि पाहुणे म्हणजे आमच्या घरात काय होतं ते तुम्हाला सांगतो. बायकोने पडदे धुतले. चादरी बदलल्या. ठेवणीतले कप काढले. मी नुसता बसलो होतो तर म्हणाली, "अहो, उठा, खुर्ची पुसायचीय." उठून दारात गेलो तर म्हणाली, "अहो, सरका, दार पुसायचंय." रविवार सकाळपर्यंत घर असं लखलखत होतं, की त्यात बसायला जागा म्हणून नव्हती. मग ती आपल्या आईंना घेऊन तालुक्याला गेली, नवा चष्मा आणायला. पाहणीला आईंना स्पष्ट दिसावं म्हणून!

आता मला सांगा. सगळं घर चकाचक. खुर्ची खिडकीशी रिकामी. दुर्बिणीला टोपण लावलेलं. आणि मी एकटा. मी काय केलं? मी फक्त बघायला गेलो हो, शपथ! पाहुणे येणार, वाटेवर काट्याची एक फांदी आडवी आलेली, त्या बाईंच्या डोळ्यात गेली असती तर? म्हणून एक फांदी. एकच. विळा माझ्या हातात कसा आला ते मला विचारू नका. पण ती फांदी कापल्यावर तिथे अशी एक खिडकी पडल्यासारखं झालं, बरं दिसेना. म्हणून दुसऱ्या बाजूची एक. मग कडेचं गवत, कारण वाट आहे तर वाटेला कड नको? आणि कड केली की आतलं… अहो, दीड तास! दीड तास मला कसलंही भान नव्हतं. वर्षभराचे तुंबलेले हात! भजन म्हणणाऱ्याला सूर लागतो ना, तसा विळा लागला होता!

तेवढ्यात टिटवीने वरून झडप घातली. थेट डोक्यावर! टिट्‌-टिट्‌-टिवी, टिट्‌-टिट्‌-टिवी, परत फिरली, परत झडप. मी विळा टाकून पळालो. काठावर जाऊन मागे वळून बघतो तर… काय सांगू? न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्यात पळालेल्या माणसाचं डोकं! अर्धा कोपरा खांद्याएवढा, अर्धा भुईसपाट. आणि त्याच्या पलीकडे, आठ पावलांवर, विहीर.

तिथे मी खाली बसलो. मस्करी नाही करत. म्हटलं, पुराने खाल्लं नाही ते मी खाल्लं. ओढा निदान वर्षातून एकदाच येतो.

मग मी काय केलं असेल? हसू नका. कापलेलं गवत उचललं आणि परत रोवायला लागलो. जुडी-जुडी करून! बुंध्याशी माती दाबून! चाळीस-एक जुड्या उभ्या केल्या असतील, तेवढ्यात मागून आवाज आला, "जावईबापू, हातात काय आहे?"

नवा चष्मा. कोरा. आणि त्यातून त्या माउलीने जगात पहिली गोष्ट काय बघितली, तर गवत पेरणारा जावई!

मी उठलो, टिटवीसकट सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "आई, एक विनंती आहे. विहिरीचा प्रश्न आहे. या आठवड्याचं पान जरा…"

"तीस वर्षांत मी कुणाचे मार्क वाढवले नाहीत," त्या म्हणाल्या. "पोटच्या मुलीचेसुद्धा."

"खरंय ते," बायको मागून म्हणाली. "गणितात नापास केलं होतं मला. अर्ध्या मार्काने." आणि मग ती विहिरीपर्यंतची पावलं मोजायला लागली. ती मोजायला लागली की मला जास्त भीती वाटते.

सोमवारी दहाला बाई आल्या. कोपरा बघितला. माझ्या रोवलेल्या जुड्या बघितल्या, त्या एव्हाना माना टाकून उभ्या होत्या, माझ्यासारख्याच. मग दगडावर बसून त्यांनी वही उघडली, पहिल्या पानापासून. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. नाडीच्या पानावर त्यांची पेन्सिल खाली पडली. शेवटच्या पानावर त्या थांबल्या आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

"रविवार. जमीनमालकांनी अर्धा कोपरा कापला. उरलेला टिटवीने वाचवला. जमीनमालकांचा हेतू वाईट नाही, फक्त हात ऐकत नाहीत. हातांची शिक्षा विहिरीला देऊ नये, ही विनंती. मुख्याध्यापिका, निवृत्त."

मी आईंकडे बघितलं. त्या ओढ्याकडे बघत होत्या, जणू आयुष्यात पहिल्यांदाच पाणी दिसलंय.

बाईंनी विचारलं, "काका, मुळं काढलीत का?"

"नाही हो, वेळच मिळाला नाही!" मी म्हणालो. खरं तेच बोललो.

"मग उगवेल," त्या म्हणाल्या. "टिटवी अजून अंड्यांवर बसलीय, अर्धा कोपरा शाबूत आहे, आणि बारा गावं फिरले, एवढी खरी नोंद मला कुठेच मिळाली नाही. बांध मंजूर. पण एक अट वाढवावी लागेल."

बांध झाला. उत्तम झाला. यंदा ओढा आला, दगडांवर डोकं आपटून निघून गेला. विहीर आठ पावलांवर तशीच आहे, मी मोजतो. पण ती अट! बाईंनी कोपऱ्याला तार ओढून घेतली आणि आत, तारेपासून चार हातांवर, एक पाटी गवंड्याकडून रोवून घेतली. "आत येण्यास मनाई. फक्त जमीनमालकास."

फक्त जमीनमालकास! म्हणजे बाकी जगाने यावं! शेजारी जातो आत. सकाळ-संध्याकाळ. टिटवीची पिल्लं मोजतो आणि तिकडून मला ओरडून सांगतो, "तीन दिसली हो! तुम्ही नका येऊ, पाटी आहे!" माझ्याच जमिनीत मला पाटी दाखवतो! अजून दोन वर्षं आहेत. काही न करणं सोपं नसतं हो, पण तेही एक वेळ जमेल म्हणतो मी. गवताची सवय झाली. सशाची झाली. शेजाऱ्याचीसुद्धा होईल.

पण ती पाटी वाकडी आहे.

डावीकडे दोन बोटं. गवंड्याने रोवताना बघितलंच नाही. नुसता एक धक्का, एक खडा बुंध्याशी, काम संपलं! मी आईंना म्हटलं, एक मिनिट आत जातो. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. शेजाऱ्याला म्हटलं, तू तरी सरळ कर. तो म्हणतो, "मला तर सरळच दिसते."

तर आता मी रोज सकाळी चहा घेऊन तारेबाहेर उभा राहतो, आणि मान डावीकडे दोन बोटं वाकडी करतो. तसं बघितलं की मग सगळं सरळ दिसतं.