प्रणालीची गांडुळं

— नाई जी, रडली नाई ती. तेच तर सांगून राहिली मी, इवाईबुवा. तुमची पोरगी रडत नाई, खाली पाहते आन कामाले लागते. बसा, चहा होऊन राहिला. वलगावात कोनालेबी इचारा, या माणिकबाईनं सुनंवर कधी हात उचलला का? नाई. पन शेखरनंच तिले डोक्यावर बसवलं. पालकाले कोनतं खत टाकू — पयले मले इचारे, आता बायकोले. वरून म्हने, प्रणालीचं गांडूळखत जमलं तर दिवाळीपासून विहिरीकडचं अर्धा एकर तिच्याच हाती. तीस वर्सं म्या केलं ते वावर. तुमी शेंदूरजन्याहून गांडुळं आनली, दोन किलो, ओल्या पोत्यात, यष्टीत मांडीवर घेऊन. चांगली होती. दोन महिन्यात दुप्पट झाली.

मंग मेली काहून, म्हनता? गरमीनं. ताजं शेण आतून तापते, गांडुळायले पंधरा दिवस थंड केलेलंच लागते — हे तिनंच मले शिकवलं, कागदावर चित्र काढून. मंग शिकवनारीच चुकली म्हना. शेखर लय बोलला तिले, निंदनाच्या बायायसमोर. ती दुपारभर गांडुळायच्या हौदापाशी बसून एकेक वेचे, वाटीतल्या मातीवर पानी शिंपडे. सात जिती निघाली. सात. मी म्हटलं, आता त्याईचं बारसं कर बाई. हासल्या बाया. पन शेण बी काय गरम — टोपली डोक्यावरून उतरवली तं कपाळ चटचट करे, वाफ नुसती...

असं पाहू नोका माह्याकडं. कोनी तरी उचललीच असन ना टोपली? चार टोपल्या, हौदावरच्या पोत्याखाली, दाबून — ती आंघोळीले गेली तवा. सांगसान शेखरले? सांगा. तिनंबी सांगून पायलं. तो म्हनला, आईले सही करता येत नाई, तिले गांडुळातलं काय समजते.

चहा नाई घेत? राहू द्या. शेखर म्हनते, काई दिवस माहेरी पाठव. काई दिवस म्हनजे किती, ते मी पाहीन. बॅग ओसरीवर भरून ठेवली हाये, तुमीच उचला. आन यष्टीत खिडकीपाशी बसवा तिले. तिच्या हाताचा वास गेला नाई अजून.