दुसऱ्याच्या फळ्यावरची गोळी

बंधुभगिनींनो, तुम्ही सगळे आलात. वाचनालयाच्या या खोलीत खुर्च्या कमी पडल्या, हे हॅन्सनसाहेबांना खरं वाटलं नसतं. मी डेव्हिड, पोस्टातला. मला बोलायला उभं केलंत, पण मी बोलणारा माणूस नाही. तेही नव्हते. आमची मैत्री न बोलणाऱ्या दोघांची. अडखळलो तर सांभाळून घ्या.

नव्या मंडळींना सांगतो. साहेबांचा जन्म नॉर्वेतला. ऐन विशीत पोटासाठी अमेरिकेला गेले. उतारवयात इथल्या कारखान्याची यंत्रं बसवायला पनवेलला आले. बरोबरची माणसं काम संपवून परत गेली, हे राहिले. का राहिलात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "तिकडे जाऊन पुन्हा नवखा कशाला होऊ?" गेल्या मंगळवारी ते गेले. झोपेतच गेले. तार करायची, तर कुणाला करायची, हेच कळेना. कुणीच नव्हतं हो. कुणीच नव्हतं.

चीनशी लढाई झाली आणि गावोगाव रायफल क्लब निघाले. आपलाही निघाला, शिरढोणच्या अलीकडच्या माळावर. नेम धरायला शिकवायचे हॅन्सनसाहेब. मी तेव्हा नुकताच बदलून इथे आलो होतो. भाऊ, वहिन्या, पुतणे, सगळे इस्राएलला निघून गेलेले. आम्हा यहुद्यांचा शुक्रवार संध्याकाळचा शब्बाथचा दिवा मी एकटाच लावायचो. क्लबात नाव घातलं ते रविवार जाता जाईना म्हणून.

पहिल्याच रविवारी निशाणाच्या फळ्यांपाशी बांधाआड बसून गोळ्या मोजणारा आपला गणपा ओरडला, "ओ पोष्टवाले सायेब, तुमच्या फळ्यावर येक गोली जास्त हाय! गोऱ्या सायबाची येक कमी!"

शेजाऱ्याच्या फळ्यावर गोळी मारणं ही शिकाऊ माणसाची चूक. नेमबाजीत याहून लाजिरवाणं काही नाही. मी तावातावाने त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. ते म्हणाले, "माफ करा. चहा घेणार?" पनवेलात कुणाबरोबर बसून मी चहा प्यायलो, तो त्या दिवशी पहिल्यांदा.

पुढे ही चूक त्यांच्या हातून होतच राहिली. क्लबात कुणी नवा आला की हमखास. आपण काय म्हणायचो? म्हातारबांना आता दिसत नाही. हसायचो आपण. हो ना? आणि हाच माणूस एरवी काळ्या ठिपक्याचा मध्य सोडत नसे! आपल्यापैकी एकालाही शंका आली नाही.

गेल्या दिवाळीत ओट्यावर बसून त्यांनी अमेरिकेची गोष्ट सांगितली. थंड गाव, कारखान्यात नोकरी, इंग्रजीचा गंध नाही. दिवसच्या दिवस तोंडातून शब्द नाही. म्हणून नेमबाजीच्या मैदानावर जाऊ लागले, तिथे बोलावं लागत नाही म्हणून. आणि पहिल्याच दिवशी सगळ्या गोळ्या शेजारच्या फळ्यावर! शेजारी एक सुतार होता. तो तरातरा आला. शिव्या दिल्या. यांना एकही कळली नाही. मग त्यालाच हसू फुटलं आणि तो यांना घरी जेवायला घेऊन गेला.

"डेव्हिड," साहेब म्हणाले, "कुणीतरी माझ्याशी भांडलं, तेव्हा मी त्या देशात पोचलो."

मी विचारलं, "म्हणजे साहेब, माझ्या फळ्यावरची ती गोळी...?"

ते म्हणाले, "चहा निवतोय."

काल रविवारी आम्ही माळावर गेलो. गणपाने सवयीने त्यांचाही फळा लावला. तो कुणी काढायला लावला नाही. माझी शेवटची गोळी मी त्यांच्या फळ्यावर मारली. गणपा ओरडला नाही. मी रायफल खाली ठेवली आणि वाट बघितली. खरंच बघितली, वेड्यासारखी. भांडायला कुणी आलं नाही.

मित्रहो, मी फार एकटा पडलो आहे. तुमच्यापासून काय लपवू?

आता आपण उभे राहू या. गोळी सुटण्याआधी माळावर सगळे जसे गप्प होतात, तसे थोडा वेळ गप्प राहू. आणि मग जाताना शेजारच्याशी काहीतरी बोला. भांडलात तरी चालेल.

साहेब, नमस्कार. चहा निवतोय.