बाबांचा हिटर

"रांगेत लोकांचं बोलणं ऐकत उभी राहू नकोस, मग तुझी झोप उडते," असं प्रांजलीताईने बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. आज, युरोपातल्या जानेवारीच्या थंडीत, बाळाला कडेवर घेऊन कोविडच्या बूस्टर लशीच्या रांगेत उभी होते. मागे एक मराठी जोडपं होतं.

"प्रणव, घराखाली कॅम्परमध्ये बाबांचा हिटर बंद पडला असेल."

"पडणारच. कॅम्परला वीज आपल्या इलेक्ट्रिक गाडीची, आणि गाडी घेऊन आपण इथे."

"आपल्या भागातून, बुइटनव्हेल्डर्टहून, ट्राम होती की."

"आणि ट्राममधून कोविड घरी न्यायचा?"

"आज सातवा दिवस आहे. आता वर घरात घेऊ या त्यांना."

"पुण्याहून आलेत, हिमानी. दहा दिवस म्हणजे दहा दिवस. दोन रजया दिल्यात."

"गाडीमागे कॅम्पर जोडून त्यांना युरोप दाखवणार होतास."

"दाखवीन उन्हाळ्यात. आता इथून आधी चार्जिंगला जाऊ, दोन तास लागतील."

"ते फोन उचलत नाहीयेत."

"चार्ज नसेल. तोही गाडीवरच होतो ना."

तेवढ्यात माझा नंबर आला. बाहेर आले तेव्हा ते दोघं कुठे दिसले नाहीत.

तुम्ही बुइटनव्हेल्डर्टला राहत असाल, तर आत्ता खाली उतरून बघा. एखाद्या इमारतीसमोर कॅम्पर उभा असेल आणि शेजारी गाडी नसेल, तर दार वाजवा. मराठीत हाक मारा.