भाकडातली मिरवणूक

अरं, आधी चहा खाली ठेवा, न्हाई तर ऐकताना सांडंल! आखाडात लग्नं बंद झाली की आमचा बँडवाल्यांचा भाकड सुरू व्हायचा. गाय दूध द्यायची थांबली की भाकड, तसाच आमचा धंदा.

एकदा ऐन भाकडात आणे गावचा एक पाव्हणा आमच्या लोणी गावात, थेट दारात. "पोरगी फौजदार झाली! उद्या मिरवणूक, बँड पायजे!"

आमचे मास्तर म्हंजी माझे चुलते. त्यांनी आनंदानं हातातलं खुरपंच फेकलं! गडी खुरपणीला पांगलेले, एकेकाला वावरातनं वढून आणला.

दुसऱ्या दिवशी काय वाजवलंय राव! पोरगी उघड्या जीपमधी, गाव सगळा गुलालात. जीप वेशीपाशी आली अन् मास्तरांनी सवयीनं नवरीच्या पाठवणीची धून धरली. आमीबी सवयीनं मागं! पोरीच्या आईनं हंबरडाच फोडला. मग आत्या, मावश्या, सगळ्याच रडायला लागल्या.

बाप लालबुंद. "बंद करा! पोरीचं लगीन हाय व्हय?"

बँड गप. तेवढ्यात जीपमधनं पोरगीच वरडली, "वाजवा मास्तर! उद्या ट्रेनिंगला मी घर सोडूनच चाललेय की!"

बापानं तिच्याकडं बघितलं, फेट्याचा शेव डोळ्याला लावला अन् म्हणाला, "मास्तर, जोरात वाजवा. माझं रडणं कुणाला ऐकू नाय आलं पायजे."

परतताना मास्तर आमाला म्हणाले, "भाकड म्हणून गाय इकायची नसती रं. पान्हा कवा फुटंल, नेम नाय!"