रॉजर की विल्को?

अरे, मी आज तुमच्यात बसून चहा पितोय ना, तो शेजारच्या समीक्षामुळे. पोरगी पायलटचं शिकत होती आणि रेडिओवर बोलायचा सराव माझ्याबरोबर करायची. मी कंट्रोलर, ती विमानात, म्हणजे करी रोडच्या आमच्या सोफ्यावर.

एकदा सराव चालू असताना माझ्या छातीवर दडपण आलं. बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरकडे चला."

"हो गं, अ‍ॅसिडिटी आहे. हो म्हटलं ना!"

समीक्षाने पुस्तक मिटलं. "काका, हे 'हो' म्हणजे रॉजर की विल्को?"

रॉजर म्हणजे नुसतं ऐकलं, विल्को म्हणजे ऐकलं आणि करतो. तिनेच शिकवलेलं, आता खोटं कसं बोलणार? म्हटलं, "रॉजर."

"लग्न झाल्यापासून रॉजरच ऐकतेय मी!" बायको कडाडली.

समीक्षाने माझ्या चपला पुढ्यात आणून टाकल्या आणि टॅक्सी बोलावली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर कठीण होतं.

परवा लायसन्स घेऊन आली, पाया पडली. "काका, आशीर्वाद द्या."

"विल्को," एवढंच म्हणालो. आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला रे.